‘निसवण’चे भंगाळे सर

कागद हातात आला की भंगाळे सर तो आधी उलटा धरतात. कागद कुठलाही असो. लग्नपत्रिका, विजेचं बिल, तेराव्याचं पत्र, साड्यांच्या सेलची जाहिरात, काहीही. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत तो कागद हातभर लांब नेतात, मान जराशी तिरकी करतात, ‘हं’ म्हणतात आणि मगच सुलटा करून वाचायला घेतात.

यावरून एकदा बँकेत घोटाळा झाला होता. काउंटरवर नव्यानेच आलेल्या मुलीने सरांना फॉर्म उलटा धरून उभं राहिलेलं पाहिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवत अगदी मायेने विचारलं, “काका, अंगठा लावता का?” सर म्हणाले, “लावतो की. पण तुमच्या फॉर्ममध्ये सहीचा चौकोन फार खाली घसरलाय. बघा बरं तुम्हीच.” तिने पाहिलं. तिच्या साहेबांनीही पाहिलं. मागे रांगेत उभी असलेली माणसंही आपापले फॉर्म उलटे करून बघायला लागली, असं म्हणतात. म्हणणारे आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर आहेत, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला असणार.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाच्या वडिलांनी स्वतः हातात दिलेली पत्रिका सरांनी अशीच उलटी धरली आणि म्हणाले, “सगळा भार एकाच बाजूला आलाय.” मुलाकडच्यांना वाटलं, सर खर्चाबद्दल बोलताहेत. पुढे बराच वेळ दोन्ही बाजूंची वडीलधारी मंडळी एकमेकांना समजावत होती आणि सर कोपऱ्यात निवांतपणे जिलेबी खात होते.

मी एकदा विचारलंच, “सर, हे उलटं कशासाठी?”

“मॅडम, सुलटं धरलं की आपण वाचायला लागतो. वाचायला लागलो की पान दिसत नाही. उलटं धरलं की वाचताच येत नाही. मग करणार काय? पान बघावंच लागतं.”

मी घरी जाऊन दार लावून घेतलं आणि करून पाहिलं. माणसाचं म्हणणं खरं होतं. तेव्हापासून या माणसाबद्दल मला जे कुतूहल लागलं ते लागलंच.

भंगाळे सर जळगावच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवतात. पण भूगोल हे त्यांचं पोट भरण्याचं काम. खरं काम ‘निसवण’चं. ‘निसवण’ हे आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचं नाव. केळीच्या पोटातून घड पहिल्यांदा बाहेर डोकावतो, त्याला निसवण म्हणतात. हे नाव सरांनीच ठेवलं, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला अर्थ समजावून सांगण्यात आमच्या प्रत्येक प्राचार्यांचं निम्मं भाषण खर्ची पडतं.

मी धुळ्याची. वाणिज्य शिकवायला इथे आले. रुजू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच अंकाच्या समितीत माझं नाव लागलं, कारण “मॅडमना कॉम्प्युटर येतो.” मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तठे काय काम शे तुले? हिशोब शिकाडानं सोडीसन आते चित्रं काढशी का?” आईला काय सांगणार? पुढची काही वर्षं मी खरोखर तेच करणार होते.

सरांचं घराणं रावेरकडचं, केळीवालं. भाऊ अजून बागा करतात. सर शिकले, शहरात आले, पॅन्ट-शर्टात आले, पण जीभ बागेतच राहिली. लेख कच्चा असला तर तो “अजून हिरवा आहे.” शब्द जड आणि आत काही नाही असा लेख आला की म्हणतात, “कार्बाइड मारून पिकवलाय. वरून पिवळा, आतून दगड.” मी पहिल्या वर्षी जागा वाचवावी म्हणून ओळी जवळजवळ घेतल्या, तर म्हणाले, “दोन खोडांत अंतर नसलं तर घड भरत नाही, मॅडम. हवा खेळू द्या.”

त्याच वर्षी मी एका मुलीच्या कवितेमागे गुलाबाचं चित्र टाकलं होतं. पाकळ्या, त्यावर दवबिंदू, एका कोपऱ्यातून येणारा सोनेरी प्रकाश. मला तर ते फार आवडलं होतं. सरांनी पान उलटं धरलं, सुलटं धरलं, पुन्हा उलटं धरलं.

“कवितेवर फवारणी केलीय का?”

“सर, ती डिझाइन आहे.”

“छान आहे. पण हिच्यातली कविता शोधायला माणूस लावावा लागेल.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुलाब काढून टाकला. मुलगी येऊन म्हणाली, “मॅडम, आता माझी कविता मोठी दिसते.” हे मी सरांना सांगितलं नाही. ते ऐकून ते काही बोलले नसते, फक्त ‘हं’ म्हणाले असते, आणि ते मला सहन झालं नसतं.

अंकाची तयारी सर दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करतात. कोरे कागद दुमडायचे, मधोमध सुईदोऱ्याने टाके घालायचे आणि एक पूर्ण कोरा अंक तयार करायचा. छापखान्यात त्याला डमी म्हणतात. इतर कॉलेजांतही करतात म्हणे. पण तो कोरा अंक लोकांना चाळायला लावणारे संपादक आमचेच.

“हा चाळा.”

“सर, यात काहीच नाही.”

“म्हणून तर म्हणतो. थांबावंसं कुठे वाटतं तेवढं सांगा.”

मी हसत हसत पानं सोडत गेले आणि मध्याच्या जरा पुढे माझा अंगठा खरंच थबकला. का ते मला आजही सांगता येणार नाही. सरांनी त्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, ‘राकेश’.

राकेश हा पहूरचा मुलगा, आमच्या कबड्डी संघाचा कणा. परीक्षेत पुरवणी मागितल्याचा त्याच्यावर कधीच आरोप झालेला नव्हता. त्याचा लेख अंकाच्या ऐन मोक्याच्या पानावर येणार, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. सरांनी त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

“काहून रे, लेख कुठंय?”

“सर, मले नाही लिहिता येत.”

“कशावर लिहिणार होता?”

“मोबाईल शाप की वरदान.”

“ते बंद आहे.”

खरंच बंद होतं. भूगोल विभागाच्या फळ्यावर सरांनी बंद विषयांची यादीच लावली होती. मोबाईल बंद, पाऊस बंद, आईची माया बंद, पर्यावरण बंद, थोर पुरुष सगळे बंद.

“मग सर, उरलं काय?”

“पहूरच्या स्टँडवर उतरला की पहिला वास कशाचा येतो?”

राकेशने समोसा खाली ठेवला. पोरगं विचारात पडलेलं मी प्रथमच पाहत होते. “भज्यांचा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नाही सर. आधी डिझेलचा. मग भज्यांचा. मग तंबाखूचा, म्हणजे आमच्या काकांचा. ते रसवंतीवर बसेल राहतात. आपण दिसलो की सगळ्यांसमोर विचारतात, कोणता विषय राहिला.”

“तू काय सांगतो?”

“मी मागच्या दरवाज्यानं उतरतो सर. पण वास तिकडेबी येतो.”

“हे लिही.”

राकेशने ते लिहिलं. त्यात काना-मात्रांची दाणादाण होती, पण मी ते वाचताना स्टाफरूममध्ये एकटीच हसत होते.

असे लेख सर वर्षभर गोळा करत. त्यांनी कुणाचा लेख परत केल्याचं कुणाला आठवत नाही. येईल तो लेख घ्यायचा आणि पिशवीत टाकायचा. ही पिशवी म्हणजे बाजारातल्या एका मारवाडी कापड दुकानाची पांढरी कापडी पिशवी, नाव धुऊन धुऊन पुसट झालेली. मुलं विचारत, “सर, छापून येईल का?” त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं, “घरी विचारून सांगतो.”

या उत्तराने स्टाफरूमची वर्षानुवर्षं करमणूक केली. “काय भंगाळे, गृहमंत्रालयाची मंजुरी आली का?” असं कुणीतरी विचारायचंच. सरही हसायचे. “फाइल पुढे सरकलीय,” म्हणायचे. सरांच्या मिसेस आजारी असतात एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण ते आपल्याला एखाद्याचं गाव माहीत असावं तसं. तिकडे गेलेलं कुणी नव्हतं.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. अंकात लेख मावणार मोजके. सर गोळा करणार त्याच्या कितीतरी पट. बरं, अंक छापून, वाटून, विसरून झाला तरी त्यांचं गोळा करणं चालूच. उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर मुलं हॉल तिकिटाच्या रांगेत उभी, आणि सर रांगेच्या कडेकडेने विचारत चाललेत, “काही लिहिलं का रे?” आता कुठल्या अंकासाठी? मी हिशोबाची बाई. आवक दिसते आहे आणि जावक दिसत नाही, म्हणजे मला झोप येत नाही. भौतिकशास्त्राचे सर म्हणायचे की भंगाळे मुलांचे अनुभव चोरून कादंबरी लिहिताहेत. हिंदीच्या मॅडमचं मत होतं की ते सगळं रद्दीत जातं. मला दोन्ही पटत नव्हतं. रद्दीत घालायचे कागद माणूस पिशवीचं तोंड गाठ मारून, छातीशी धरून नेत नाही.

अशात आमच्याकडे नवे प्राचार्य आले आणि त्याच वर्षी अंकात ती गंमत झाली.

आमचा छापखाना मूळचा लग्नपत्रिकांचा आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सचा. कॉलेजचा अंक तो वर्षातून एकदा करी. पानं पक्की झाल्यावर अगदी शेवटी संस्थेच्या अध्यक्षांचा नवा फोटो आला. आधीच्या फोटोत ते थकलेले दिसतात असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं पडलं. छापखान्यातल्या ऑपरेटरने आम्हाला त्रास नको म्हणून तो फोटो आपणहून बसवला. हाताला जी सवय होती तीच त्याने वापरली. अंक आला तेव्हा पहिल्याच पानावर अध्यक्ष, दोन्ही बाजूंना दोन सिंह, वरून झेंडूचा वर्षाव, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आम्हा सगळ्या प्राध्यापकांचे पासपोर्ट फोटो एका ओळीत. शेवटी ‘व समस्त मित्रमंडळ’.

मुलांनी त्या वर्षी अंकावर उड्या टाकल्या. अध्यक्षांनाही पान फार आवडलं. त्यांनी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. पण शुभेच्छुकांच्या ओळीत आमच्या नव्या प्राचार्यांचा फोटो सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान आला होता. त्यामुळे चौकशी झाली. सूचना निघाली की पुढच्या वर्षापासून अंक पुण्याची एक एजन्सी करील. लेख मुलांनी मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये भरायचे. ते थेट एजन्सीकडे जातील. कागदावर लेख स्वीकारले जाणार नाहीत. संपादकांनी शेवटी मान्यतेचं बटण दाबायचं.

बोलावल्याशिवाय प्राचार्यांच्या केबिनची पायरी न चढलेले भंगाळे सर त्या दिवशी आपणहून गेले. समितीतली म्हणून मला बरोबर नेलं. मला वाटलं होतं, ते नावासाठी भांडतील, डिझाइनसाठी भांडतील. ते म्हणाले, “सर, अंक तुम्ही पुण्याला करा, मुंबईला करा. माझं नाव काढून टाका. फक्त लेख कागदावर घेऊ द्या. माझ्याकडे येऊ द्या.”

“कशाला, सर? कागद वाया जातो. पर्यावरण तर तुमचाच विषय.” प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

“मला लागतात ते,” सर म्हणाले.

“कशासाठी?”

सर “बरं” म्हणाले आणि बाहेर आले. जिना उतरताना त्यांनी खांद्यावरची रिकामी पिशवी काढली, चौकोनी घडी केली आणि खिशात घातली.

फॉर्मवर लेख भराभर आले. सरांनी मला ते लॅपटॉपवर दाखवायला सांगितले. पहिला लेख ‘आजच्या धावपळीच्या युगात’ असा सुरू होत होता. दुसराही. तिसऱ्यात युग धावपळीचं नसून स्पर्धेचं होतं. एकाही लेखात काना-मात्रेची चूक नव्हती आणि एकाही लेखात कुणाचा काका नव्हता. राकेशने प्रदूषणावर असा काही लेख दिला होता की तो जिल्हाधिकारी होईल असं वाटावं. सरांनी त्याला बोलावलं.

“तू लिहिला?”

“मोबाईलनंच लिहून दिला सर. मी फक्त विषय सांगितला. चांगला आला ना?”

“फार चांगला आला. तूच नाही आला त्यात.”

राकेश गेल्यावर सर मला हळूच म्हणाले, “मॅडम, याच्या प्रिंट मिळतील का? सगळ्यांच्या?” मी काढून दिल्या. त्यांनी घडी घातलेली पिशवी उघडली, प्रिंट नेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या परत आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेख परत केले होते. “घरी चालले नाहीत,” म्हणाले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी गृहमंत्रालयाचं नाव काढलं नाही. त्यांचा चेहराच तसा होता.

मग सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. ते त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होते, आणि एजन्सीच्या कागदांवर जुन्या संपादकांची सही हवी होती. न्यायला कुणी तयार नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, सहीपेक्षा मला ती पिशवी जाते कुठे ते बघायचं होतं.

पिंप्राळ्याकडे एका कॉलनीत त्यांचं बैठं घर आहे. दुपार कलली होती. दार उघडंच होतं. आतून सरांचा आवाज येत होता, वर्गात शिकवताना येतो तसा, स्पष्ट, थांबत थांबत. मी उंबऱ्याशी थबकले.

खिडकीजवळ पलंग होता. पलंगावर एक बाई उशांना टेकून बसवलेल्या. अंगावर इरकल, कपाळावर कुणीतरी काळजीने लावलेलं कुंकू, एक हात मांडीवर नुसता ठेवलेला. सर एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ कागद धरून वाचत होते. बाईंचं तोंड भिंतीकडे होतं.

“या मॅडम,” सर म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “ही इंदू. गल्लीत सगळे अक्का म्हणतात. इंदू, धुळ्याच्या मॅडम आल्यात. गुलाबवाल्या.”

अक्कांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. ओठाची एक बाजू किंचित हलली. गुलाब त्यांच्यापर्यंत पोचला होता तर.

“राकेशचं वाचत होतो. मागच्या वर्षीचं,” सर म्हणाले. “चार-पाचदा झालं वाचून. तिचं पाठ झालंय. पाठ झालं की ती भिंतीकडे बघते. तिचं बरोबर आहे.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते अगदी सरळ सांगितलं, पावसाचं मान सांगावं तसं. लग्न झालं तेव्हा अक्का सातवी शिकलेल्या. ‘निसवण’ सुरू झालं तेव्हापासून प्रुफं घरी तपासायचे. एकाने मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. वाचायच्या अक्का. वाचता वाचता मध्येच म्हणायच्या, “हे पोरगं खोटं बोलतंय,” आणि सर तो लेख मुलाला पुन्हा लिहायला सांगायचे. घरी विचारून सांगतो, ते हे. मग काही वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

“डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. बोलण्याने फरक पडतो. आता मी भूगोलाचा माणूस, मॅडम. दोन दिवसांत माझे विषय संपले. पेपर वाचला, भिंतीकडे. भजनं लावली, भिंतीकडे. पुस्तकं आणली लायब्ररीतून, चांगली चांगली, भिंतीकडे. मुलगी येते नाशिकहून, तिच्याकडे बघते, पण हसत नाही. मग एकदा एका पोराचं पान पिशवीतून निघालं. भडगावच्या एस.टी.त शेळी घेऊन चढलेल्या आजीबद्दल होतं. कंडक्टरने शेळीचं तिकीट मागितलं, तर आजी म्हणाली, ती उभी राहील. मी वाचत होतो आणि ही हसली.”

त्यांनी आपल्या ओठाच्या डाव्या टोकाला बोट लावून दाखवलं. “इथून. एवढंच.”

मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले.

“तेव्हापासून रोज संध्याकाळी एक. छापलेलं चालत नाही, दुरुस्त केलेलं चालत नाही. त्या मोबाईलवाल्या लेखांना ती दुसऱ्या ओळीतच झोपली. पोराने स्वतः लिहिलं असलं की ती जागी राहते. काय कळतं तिला, कसं कळतं, मला माहीत नाही. पण आता पिशवीतलं सगळं वाचून झालंय. आणि पुढच्या वर्षी तर मी कॉलेजातच नाही.”

मी पाणी मागितलं, कारण तिथे रडणं बरं दिसलं नसतं. सर आत गेले तेव्हा अक्का माझ्याकडे बघत होत्या. इतक्या स्वच्छ, चौकस नजरेने बघणारा माणूस मी कॉलेजातही फार पाहिलेला नाही. मी का आले, काय आणलंय, कुठून आले, सगळं त्या नजरेत होतं. मला आपलं उगाचच वाटलं की आपल्या दोघींचा स्वभाव एक आहे.

सही घेऊन मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक काम दिलं. व्यवसाय संप्रेषण या विषयात मुलांना लेखनकौशल्याचे अंतर्गत गुण द्यावे लागतात. ते कशावर द्यायचे ते शिक्षकाने ठरवायचं असतं. मी ठरवलं. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका वस्तूबद्दल लिहायचं, हाताने, कागदावर. मोबाईलला जे माहीत असू शकत नाही तेवढंच लिहायचं. प्राचार्यांना हरकत घ्यायला जागा नव्हती. उलट त्यांनी नव्या प्रयोगाबद्दल माझं नोटिसबोर्डावर कौतुक केलं. मुलांना मी कारण सांगितलं नाही. त्यातले मला आवडलेले काही लेख मी रोज बसून टाइप केले आणि एजन्सीच्या फॉर्मात भरले, म्हणजे अंकातही काही माणसं आली.

मूळ कागद घेऊन मी पिंप्राळ्याला गेले. सरांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं आणि पहिल्याची पट्टी अजून निघाली नव्हती, म्हणून वाचायला मी बसले. एका मुलीने घरातल्या कूलरवर लिहिलं होतं. कूलरचं तोंड ज्याच्याकडे तो घरातला कर्ता. एरवी ते वडिलांकडे असतं. परीक्षा असली की भावाकडे जातं. ताईला बघायला पाहुणे आले तेव्हा कूलर त्यांच्याकडे वळवला आणि वडील जळगावच्या मे महिन्यात कोट घालून, घामाने निथळत, “आमच्याकडे उकाडा असा नाहीच,” असं सांगत बसले. पाहुण्यांनी नकार कळवला तेव्हा वडिलांनी आधी उठून कूलर आईकडे फिरवला.

तिथे अक्का हसल्या. ओठाच्या डाव्या टोकाने, एवढंच. सरांना दिसत नव्हतं.

“हसली का?” त्यांनी विचारलं.

“हसल्या, सर.”

“कुठे?”

“वडिलांनी कूलर फिरवला तिथे.”

हिरव्या पट्ट्यांवरूनच सरांनी हाताने चेहरा पुसला. “मुलीला सांगा,” ते म्हणाले, “लेख घेतला.”

आता दर शनिवारी मी जाते. पट्ट्या निघाल्या, सर निवृत्त झाले, तरी वाचायचं काम माझ्याकडेच राहिलं. माझ्या आवाजात अक्कांना बदल मिळतो असं सर म्हणतात. नवी संपादक आता मी आहे. म्हणजे बटण मी दाबते. या वर्षीच्या अंकाचं संपादकीयही मीच लिहायचं होतं. मी ते मन लावून लिहिलं, तीनदा खोडलं, तरुणाई, सर्जनशीलता, बदलता काळ, सगळं घातलं आणि गेल्या शनिवारी पिशवीतून सर्वांत शेवटी काढलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही.

पहिल्या परिच्छेदात अक्का माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांचे डोळे जड झाले. तिसरा सुरू झाला तेव्हा मान उशीवर कलली आणि शांत, संथ श्वास सुरू झाला. मी वाचायची थांबले.

सरांनी उठून त्यांच्या अंगावर चादर ओढली, खिडकीचा पडदा लावला आणि पावलांचा आवाज न करता माझ्याजवळ आले.

“तुमचं होतं ना?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी मान हलवली. मला चांगलंच ओशाळल्यासारखं झालं होतं. लेख घडी घालून मी पर्समध्ये ठेवायला लागले, तर सरांनी हात पुढे केला.

“ते राहू द्या इथे,” ते म्हणाले. “रात्री झोप लागत नाही तिला. तासन् तास छताकडे बघत पडते, आणि मला काही करता येत नाही.”

मी संपादकीय त्यांच्या हातात दिलं. माझ्या लिहिण्याचा एवढा उपयोग आजवर कुणाला झाला नव्हता.